धागा: कोल्हापूर टर्मिनस आणि ऊसपट्टा, ११ × ९ फुटांच्या खोलीत मॉडेल रेल्वेचा एचओ लेआउट

शाहूपुरीकर
मंडळी, आराखडा पक्का करण्याआधी इथं टाकतोय. खोली ११ × ९ फूट, वर पत्रा, दोन भिंती मोकळ्या. इंग्रजी एल आकाराची फळी बसवायची. लांब भिंतीवर टर्मिनस, कोपऱ्यातल्या वळणावर ऊस आणि गुऱ्हाळ, आखूड भिंतीवर पडद्याआड गाड्या उभ्या करायची जागा. स्केल एचओ, म्हणजे १:८७. काळ डिझेलचा, विजेच्या तारा यायच्या आधीचा: अल्को जातीचं डिझेल इंजिन आणि निळे आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातले) डबे. पेको कंपनीचे कोड ७५ (हा रुळाच्या उंचीचा नंबर) रूळ घेणार आहे.

अडलंय ते असं. वळणाची त्रिज्या किती धरू? फलाटावर किती डबे मावतील? पावसाळ्यात फळी टिकवायची कशी? खडी आपल्याकडच्या क्रशरची चालेल का? आणि ऊस कशाचा करायचा? बाजारात मिळणारी तयार झाडं लावली तर शिवार युरोपातलं दिसतंय.

मीटरगेजवाला
काळ ठरवलाय ते बरं केलं. मिरज–कोल्हापूर फाटा १८९१ साली मीटर गेजवर सुरू झाला आणि १९७१ ला ब्रॉड गेज झाला. त्याआधीचं दृश्य करायचं तर १२ मिमीचे रूळ लागतील, मग सगळंच वेगळं.

आता एक कडू गोष्ट आधीच गिळून टाका. आपला ब्रॉड गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी, म्हणजे १:८७ ला १९.२ मिमी. तुम्ही घेणार ते रूळ १६.५ मिमीचे, १४३५ मिमीच्या गेजचे. बाजूनं बघताना हा फरक कळत नाही, फलाटाच्या टोकाला डोळा लावला की डबा रुळांवर कडेनं जास्त बाहेर आल्यासारखा दिसतो. हातानं रूळ ओढायची तयारी नसेल तर हे सोडून द्या. फक्त लेआउट असा मांडा की बघणारा बाजूलाच उभा राहील.

कोड ७५ बरोबर आहे. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच, १:८७ ला १.९८ मिमी. कोड ७५ म्हणजे १.९ मिमी. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, तो साईडिंगला टाकला तरी डोळ्यात खुपतो.

उद्यमनगरी
त्रिज्येचा हिशेब डब्यावरून करा, खोलीवरून नको. आयसीएफ डब्याची पेटी २१.३३७ मीटर, म्हणजे २४५ मिमी. दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) मध्यांतलं अंतर १४.७८३ मीटर, म्हणजे १७० मिमी. वळणावर डब्याचा मधला भाग आत सरकतो आणि टोकं बाहेर फेकली जातात.

आत सरकणं = बोगी-अंतराचा वर्ग ÷ (८ × त्रिज्या)
बाहेर फेक = (पेटीचा वर्ग − बोगी-अंतराचा वर्ग) ÷ (८ × त्रिज्या)

तयार सेटमधलं दुसरं वळण ४३८ मिमीचं असतं. तिथं डबा मध्ये ८.२ मिमी आत आणि टोकाला ८.९ मिमी बाहेर. डब्याची रुंदी ३७ मिमी. दोन रूळ शेजारी असतील तर ३७ + ८.२ + ८.९ = ५४ मिमी नुसतं एकमेकांना घासू नये म्हणून लागतं. लोक ५० मिमीवर रूळ टाकतात आणि मग दोन गाड्या वळणावर एकमेकींना ढुशा देतात. ७६० मिमी त्रिज्येला हेच आकडे ४.८ आणि ५.१ होतात. डब्याच्या तिप्पट त्रिज्या म्हणजे ७३५, त्यामुळं ७६० उत्तम. त्याखाली डबा चालेल, पण दोन डब्यांमध्ये फट उघडी पडते आणि गाडी खेळण्यातली वाटते.

आता लांबी. कोपरा ७६० अधिक कडेची १५० मिमी, म्हणजे ९१० घेईल. ११ फूट म्हणजे ३३५० मिमी, उरले २४४०. टर्मिनसला इंजिन सुटून गाडीच्या दुसऱ्या तोंडाला जायला हवं, नाहीतर गाडी आली ती अडकली. त्यासाठी:

रूळ संपतो तिथल्या बफरपासून इंजिनाची शेपटी (सुटलेलं इंजिन उभं राहायची जागा): इंजिन १९७ + ३३ = २३० मिमी
सुटकेचे दोन सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे पॉइंट (मध्यम, प्रत्येकी २१९): ४३८ मिमी
पाच डबे, बफर धरून प्रत्येकी २५६: १२८० मिमी
तोंडाकडचे सांधे: ४३८ मिमी

बेरीज २३८६. तुमच्याकडं ५४ मिमी शिल्लक. सहावा डबा विसरा.

शाहूपुरीकर
५४ मिमी म्हणजे जेमतेम. छोटे सांधे वापरले तर?

उद्यमनगरी
छोटा सांधा १८५ मिमीचा, चार सांध्यांत १३६ मिमी वाचतील. पण त्याची त्रिज्या ६१० ची, आणि सुटकेच्या दोन सांध्यांवर डबा पाठोपाठ डावी-उजवी वळणं घेतो. तिथं कपलिंग सुटतं किंवा बफर एकमेकांत अडकतात. बफरकडच्या सुटकेला छोटे चालतील, तिथनं फक्त इंजिन जातं. तोंडाकडं मध्यमच ठेवा. वाचलेले ६८ मिमी इंजिनाच्या शेपटीला द्या. उद्या मोह झाला आणि डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन घेतलं तर ते २३६ मिमीचं आहे, अल्कोपेक्षा ३९ मिमी लांब.

गूळमार्केट
रुकडीचा पंचगंगेवरचा पूल कुठंतरी घुसवा की राव! कोल्हापूरची लाइन आणि पूल नाही?

उद्यमनगरी
कुठं घुसवणार? कोपऱ्यात वळणावर? एवढ्या जागेत पूल अर्धवटच होईल. अर्धवट पुलापेक्षा पूर्ण ऊस बरा.

पत्र्याची खोली
फळीबद्दल. नुसती १२ मिमी प्लाय टाकून खाली दोन पट्ट्या मारल्या की पहिल्या श्रावणात ती पापडासारखी फुगते. १२ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणारी) प्लाय घ्या. खाली त्याच प्लायच्या ७५ मिमी उंच पट्ट्यांची चौकट, आणि आडव्या पट्ट्या दर ३५० मिमीवर. आडव्या पट्टीच्या बरोबर वर सांध्याचा (पाती सरकवणारा) दांडा येणार नाही हे चौकट ठोकायच्या आधी कागदावर बघा. नंतर छिन्नी घेऊन बसावं लागतं आणि ती पट्टी कायमची दुबळी होते.

दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या कडांना वॉर्निश किंवा ऑइल प्राइमर द्या. वरून रंगवली आणि खालून कोरडी सोडली तर एका बाजूनं दमट हवा शोषते आणि फळी वाकते. कडा सगळ्यात जास्त पाणी पितात, तिथं दोन हात.

फळी एकसंध करू नका. तीन तुकडे करा: टर्मिनसचे दोन, कोपऱ्याचा एक. आखूड भिंतीला वेगळी फळी लागणारच नाही, अॅल्युमिनियमच्या अँगलच्या पेट्या करा. २० × २० चे दोन अँगल, पाठी बाहेर आणि आडव्या बाजू आत, प्लायच्या पट्टीवर असे डकवायचे की चाकं त्यांच्या आतल्या कडांवरून फिरतील. दोन्ही अँगल एकमेकांना अजिबात टेकू द्यायचे नाहीत, तेच आपले दोन रूळ. पूर्ण गाडी पेटीसकट उचलून उलटी फिरवता येते. इंजिन १९७ आणि पाच डबे १२८०, मिळून १४७७ मिमी. पेटी १५०० ची. आखूड भिंतीला ९१० वजा जाता १८३० उरतात, म्हणजे बसते.

रुळकरी
रूळ टाकताना उन्हाचा हिशेब धरा. पत्र्याखाली डिसेंबरच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी ३० अंशांचा फरक सहज पडतो. निकेल सिल्व्हरचा ९१४ मिमीचा तुकडा तेवढ्यात जवळजवळ अर्धा मिमी वाढतो. थंडीत टाकत असाल तर प्रत्येक जोडाला ०.५ मिमी फट. भर उन्हाळ्यात दुपारी टाकत असाल तर फट जवळपास नको, रूळ आधीच वाढलेले असतात. मोजायला गाडीच्या प्लगची फट बघायची पात्यांची पट्टी वापरा. अंदाजानं ठेवलेली फट कधी शून्य होते, कधी दीड मिमी, आणि दीड मिमीवर चाक टकटक करत जातं.

७६० त्रिज्येच्या पाव वर्तुळाची लांबी ११९४ मिमी. म्हणजे एक जोड वळणात येणारच. तिथं नुसती फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणारी पट्टी) घातली तर रूळ टोकाला सरळ व्हायला बघतात आणि कोन पडतो, गाडी बरोबर तिथंच पडते. दोन तुकडे सरळ असताना डाग (सोल्डर) द्या, मग एकत्र वाकवा. आतला रूळ वाकवल्यावर बाहेर येतो, तो सोनारकामाच्या करवतीनं कापा. कात्रीनं कापलेलं टोक चिरडतं आणि फिशप्लेट जात नाही. डाग देताना जोडाच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा, नाहीतर स्लीपर वितळतात. २५ वॉटची डाग द्यायची (सोल्डरिंगची) इस्त्री रुळाला पुरते, खालच्या जाड वायरला ४० ते ६० वॉट हवी. कमी गरम इस्त्री जास्त वेळ धरणं हेच प्लास्टिक वितळायचं खरं कारण.

लोहचुंबक
खडीवर लिहायला आलोय. क्रशरची बारीक कच स्वस्त आहे, रंग आपल्याच लाइनचा आहे, पण एक चाचणी केल्याशिवाय एक दाणाही रुळावर टाकू नका. आपला काळा दगड बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. वर्तमानपत्रावर वाटीभर कच पसरा, जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा. पिशवीला काळी मिशी फुटलीच समजा. इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतं. सैल कण खालून आत ओढले जातात, दातचाकांत जातात, आणि इंजिन आधी कुरकुरतं मग अडकतं.

गूळमार्केट
म्हणजे बेसाल्ट बाद?

लोहचुंबक
माझ्या मते बाद. टाइल फुटतात त्यांचा चुरा करा, राखाडी रंग द्या.

रुळकरी
इथं मी सहमत नाही. टाइलच्या चुऱ्याला कितीही रंग दिला तरी त्यात दगडाची खोली येत नाही. चुंबक चार-पाच वेळा फिरवून जेवढं उचलतंय तेवढं काढा, पिशवी उलटी करून कण बाहेर झटका. उरलेली खडी चिकटवल्यावर धोका सैल दाण्यांचा, घट्ट बसलेल्यांचा नाही. दोनदा गोंद, मग रुळाच्या दोन्ही बाजूंनी कडक ब्रशनं घासून व्हॅक्युम, मग परत चुंबक रुळावरून फिरवायचं. काही आलं नाही तर इंजिन सोडा.

मापाचं: रेल्वेची खडी ६५ मिमीची असते, १:८७ ला पाऊण मिमी. २० नंबरच्या जाळीतून पडलेली आणि ३० नंबरच्या जाळीवर राहिलेली घ्या, ती ०.६ ते ०.८४ मिमी येते. चहाच्या गाळणीतून गाळून समाधान मानलं तर धोंडे येतात. धुवा. धूळ राहिली तर गोंद तिलाच चिकटतो, दाण्यांना नाही, आणि वाळल्यावर पापुद्रा निघतो. मीटरभर एकेरी रुळाला १५० मिलीपर्यंत खडी लागते. तुमच्या आठेक मीटरला सव्वा लिटर, दोन किलोच्या आत.

कृती अशी. रूळ आधी गंजाच्या तपकिरी रंगानं बाजूनं रंगवा, माथा पुसून घ्या. कोरडी खडी पसरा, मऊ ब्रशनं स्लीपरच्या पातळीखाली आणा, चमच्याच्या पाठीनं रुळाला टकटक करा म्हणजे माथ्यावरचे दाणे खाली उतरतात. मग पाण्यात एक थेंब भांड्यांचा साबण, त्याची बारीक फवारणी. हे सोडलं तर गोंदाचा थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खाली खड्डा करतो. खडी ओली काळी दिसायला लागली की एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी, ड्रॉपरनं स्लीपरच्या मधनं आणि उतारावर सोडा. २४ तास हात लावू नका. जून ते सप्टेंबरमध्ये ४८ धरा. दमट हवेत फेविकॉल पूर्ण वाळत नाही आणि खडीवर पांढुरकी साय राहते. म्हणून हे काम पावसाळ्यात काढूच नका, वायरिंग करा.

सांध्यात पात्यांच्या खाली आणि दांड्याभोवती खडी नाही, रंग द्या. पात्यांच्या सरकत्या जागी तेलाचा एक थेंब आधी लावून ठेवा, गोंद गेलाच तर चिकटत नाही.

चिंधी सांधेवाला
सांध्याला मोटार नको असेल तर सायकलची आरी आणि डीपीडीटी (दोन सर्किटं एकदम बदलणारा) सरकता स्विच. स्विचच्या खुंटीला भोक पाडून आरी अडकवा, आरीचं दुसरं टोक सांध्याच्या दांड्याला. स्विच पात्यांपेक्षा जास्त सरकतो, थेट जोडलं तर दांडा मोडतो. म्हणून मध्ये ०.६ मिमीच्या स्टीलच्या तारेचा वळसा ठेवा, जास्तीचं सरकणं तो पितो. त्याच स्विचच्या उरलेल्या टोकांनी फ्रॉगची (सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेची) वीज उलटते, वेगळा रिले नको. धातूचा फ्रॉग असेल तर आतल्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जोड लागतात. ते विसरलात तर सांधा एका बाजूला चालतो आणि दुसऱ्या बाजूला टाकला की शॉर्ट.

शाहूपुरीकर
डीसीसी (डिजिटल नियंत्रण) घेतोय. वायर?

चिंधी सांधेवाला
तीन फळ्यांना १.५ चौरस मिमी पुरते, तरी २.५ घ्या, फरक थोडा आहे. दोन्ही तारा एकमेकींना पिळून न्या. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ ची स्वतःची जोडतार, फिशप्लेटच्या भरवशावर एकही नाही. फिशप्लेट दमटपणानं काळी पडते आणि वर्षभरानं इंजिन ठराविक जागी थबकतं. एका रुळाला लाल, दुसऱ्याला काळी, फळी उलटी करून काम करताना डावं-उजवं बदलतं हे लक्षात ठेवा. शेवटी पाच रुपयाचं नाणं सगळ्यात लांबच्या रुळावर आडवं टाका. कमांड स्टेशनने (डीसीसीच्या मुख्य यंत्रानं) लगेच वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर तारा बारीक आहेत किंवा डाग कच्चा आहे, आणि खरा शॉर्ट झाला तर बोगी वितळेल.

पाचट
आता उसाकडं या, त्यासाठीच आलेय. तयार झाडं सोडा. सुतळी घ्या, तिच्यातले पेड सुटे करा, कापडाच्या हिरव्या रंगात थोडा पिवळा मिसळून भिजवा, उन्हात वाळवा. ४५ मिमीचे तुकडे. खालचे १५ मिमी गोंदात बुडवून पिळून ठेवा, वरचे सुईनं पिंजा आणि टोकं बोटांनी बाहेर वाकवा. ४५ मिमी म्हणजे वर पाल्यासकट १३ फूट, उभ्या पिकाला बरोबर. पिंजलेलं टोक सरळ ठेवलं तर ज्वारी दिसते, वाकणंच उसाचं. बुंध्याकडच्या १० मिमीवर फिकट पिवळा-राखाडी हात द्या, ते पाचट.

साडेचार फुटी सरी १:८७ ला १६ मिमी. ४५० × २०० मिमीच्या तुकड्यात १२ सऱ्या, दर ६ मिमीला एक बेट धरलं तर ९०० बेटं. कोणी करत नाही. पुढच्या तीन सऱ्या आणि दोन्ही बाजूंच्या कडा पूर्ण करा, पावणेतीनशेत भागतं. आतला भाग ३० मिमी जाड फोमचा ठोकळा, गडद हिरवा-तपकिरी, त्यावर फक्त पिंजलेले शेंडे. फळी जमिनीपासून १२०० मिमीवर असली तर ठोकळा कोणाच्या नजरेत येत नाही. रुळाच्या मध्यापासून ३० मिमीच्या आत बेट नको, डब्याचं टोक २४ मिमीपर्यंत येतं.

आणखी वाचवायचं असेल तर निम्मं शिवार तोडलेलं दाखवा. सरीत ३-४ मिमीचे धसकट आणि वर पाचट पसरलेलं. पण मग ऋतू एक ठेवा: तोड चालू म्हणजे उभ्या उसाला तुरे हवेत, पांढरट-जांभळट, कापसाच्या चिमटीभर धाग्यांचे. आणि मग डोंगरावरचं गवत हिरवं नको, पिवळं.

गूळमार्केट
गुऱ्हाळाचं काय?

पाचट
काहील (रस आटवायची मोठी कढई) साधारण आठ फुटी धरा, २८ मिमी. पाण्याच्या बाटलीचं झाकण जवळजवळ तेवढंच, ६ मिमी उंचीवर कापा आणि बाहेरच्या रेघा घासून काढा. आत तपकिरी रंगावर चकचकीत वॉर्निश, कडेला थोडी पांढरी मळी. काहील जमिनीच्या पातळीवर बसते, चुलवाण खाली असतं. त्यामुळं फळीत भोक पाडा, वर ठेवू नका. बहुतेकजण हीच चूक करतात आणि ते हॉटेलातलं पातेलं दिसतं. आत नारिंगी एलईडी, मंद लुकलुकणारा. बाहेर अंगणभर चिपाड वाळत घातलेलं: केरसुणीच्या काड्यांचे ४-५ मिमीचे तासलेले तुकडे. गुळाचे रवे (ढेपा) ४ मिमीचे मणी, पिवळसर तपकिरी, पोत्यावर ओळीत. धुराड्यात धुराचं यंत्र बसवू नका, तेलाचा थर रुळांवर येऊन बसतो.

माती खरी वापरायची तर तव्यावर अर्धा तास भाजून घ्या, नाहीतर गोंदासकट तिला बुरशी येते. लाकडाच्या भुशाचं गवत करणार असाल तर रंगात चमचाभर बोरिक पावडर. आणि लोहचुंबक म्हणाले ते मातीलाही लागू आहे, काळी माती त्याच दगडाची.

शाहूपुरीकर
पाचटताई, गोंद लावल्यावर माती गडद होते ना?

पाचट
होते, दोन छटा. म्हणून नदीकाठच्या काळ्या मातीत निम्मी फिकट माती मिसळा. लाल माती पन्हाळ्याकडची, रुकडी-वळिवडेच्या शिवारात ती शोभत नाही.

मीटरगेजवाला
फलाटाचं राहिलं. उंची रुळाच्या माथ्यापासून जास्तीत जास्त ८४० मिमी, म्हणजे ९.६ मिमी. फळीपासून मोजू नका, रूळ, स्लीपर आणि खालचा फोम धरून वर ९.६. कड रुळाच्या मध्यापासून १९.२ मिमी येते, पण डब्याची निम्मी रुंदी १८.६. अर्ध्या मिमीवर विश्वास ठेवू नका, २१ ठेवा, आणि फलाट पूर्ण सरळ भागातच. सांध्याच्या वळणात त्याचं टोक घुसलं की पायऱ्या घासतात.

उद्यमनगरी
डब्यांचं वजनही बघून घ्या. एचओचा नियम: १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. २४५ मिमीच्या डब्याला १६५ ग्रॅम येतं. हलका डबा मागं ढकलताना सांध्यावर उचलला जातो, आणि टर्मिनसला ढकलणं रोजचंच. टायरवाल्याकडच्या चिकट ५-५ ग्रॅमच्या पट्ट्या डब्याच्या तळाशी, बोगींच्या वर समान वाटून लावा. छताला लावल्या तर डबा वळणावर झुलतो.

शाहूपुरीकर
वाचनखूण साठवली. बफरकडं छोटे सांधे, तोंडाकडं मध्यम, तीन फळ्या, निम्मा ऊस तोडलेला. पावसाळ्यात फळ्या आणि वायरिंग, खडी ऑक्टोबरला. चाळणी कुठल्या दुकानात बघू, २० आणि ३० नंबरची?

रुळकरी
लक्ष्मीपुरीत जाळी विकणाऱ्यांकडं स्टेनलेसची जाळी नंबरानं मागा, फूटभर कापून देतात. लाकडी चौकटीला स्टेपल मारून घरी चाळणी करा. जाताना वाटीभर कच आणि ते चुंबक बरोबर न्या, घ्यायच्या आधी एक मूठ चाळून बघा.